जोर काढा

एक कोरियन शब्द मला अर्धाच ऐकू आला आणि त्यापायी माझे खांदे दोन आठवडे दुखले.

सुवॉनमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीसमोर एक तीनमजली इमारत आहे. खाली किराणा दुकान, मधे पियानोचा क्लास, वर तायक्वांदोचं दोजांग, म्हणजे आखाडा. दुपारभर पिवळ्या व्हॅनमधून शाळकरी पोरं तिथे ओतली जातात. नऊ वाजता पोरं घरी गेली की मोठ्यांचा वर्ग भरतो. मोठे म्हणजे आम्ही चौघं: कॉलेजातली दोन मुलं, टॅक्सी चालवणारे एक काका आणि मी. पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेला लावून उभं राहायचं आणि हाना, दुल, सेत, नेत, म्हणजे एक, दोन, तीन, चार, या तालावर हवेत गुद्दे मारायचे. शिकवणारा मुलगा असेल सव्वीस-सत्तावीसचा. त्याला साबॉमनिम म्हणायचं. तो मला ओमोनिम म्हणतो, म्हणजे आई, आदरार्थी. विद्यार्थ्यांच्या सगळ्या आयांना इथे असंच हाक मारतात. माझा लेक दुपारच्या वर्गात जातो, म्हणून मी रात्रीच्या वर्गातही आईच.

तर हा साबॉमनिम दर दोन मिनिटांनी माझ्यासमोर यायचा, माझ्या खांद्यांकडे बघायचा आणि म्हणायचा, "ओमोनिम, हिम...". पुढची दोन अक्षरं कळायची नाहीत, पण हिम मला ठाऊक होतं. हिम म्हणजे जोर, ताकद. आणि 'हिम ने' हे तर विमानतळावर उतरल्यापासून ऐकत होते. शब्दशः जोर बाहेर काढ, म्हणजे धीर सोडू नकोस. कोरियनच्या परीक्षेत नापास झाले तेव्हा शेजारीण म्हणाली, हिमनेसेयो. सर्दी झाली तेव्हा औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, हिमनेसेयो. मला वाटलं, हाही बिचारा उत्तेजन देतोय. मग मी दात-ओठ खाऊन आणखी जोर लावायची. तो जरा मोठ्याने तेच म्हणायचा. मी त्याहून जोर लावायची.

शेवटी लेकाने उलगडा केला. नऊ वर्षांचा आहे. कंबरेला अर्धा लाल, अर्धा काळा पट्टा. पंधराच्या आतल्यांना ब्लॅक बेल्टऐवजी हा मिळतो, त्याला पूम म्हणतात. सोफ्यावर पालथा पडून तो म्हणाला, "आई, ते हिम ने नाही म्हणत गं. हिम प्पे म्हणतात. जोर काढून टाक."

मी म्हटलं, "अरे, मग मी तेच तर करत होते. जोर काढत होते."

मी कोल्हापूरची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती. मुलींनी आत जायचं नाही, पण दारातून जाता-येता दिसायचंच: लाल माती, लंगोट, घामाने चमकणाऱ्या पाठी, आणि वस्ताद ओरडतायत, "अजून पन्नास जोर काढ!" जोर काढणं म्हणजे दंड मारणं. ज्या भाषेत जोर काढणं म्हणजे जोर लावणं, त्या भाषेतून आलेल्या बाईला कुणी 'जोर काढा' म्हणालं तर तिने करायचं तरी काय?

खांद्यांची कथा त्याआधीची आहे. बँकेत चौदा वर्षं काढून मी नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. पहिल्या वर्षी उजवा खांदा धरला, दुसऱ्या वर्षी डावा. हाडांच्या दवाखान्यात फोटो काढले, गरम पट्ट्या लावल्या, यंत्राने झिणझिण्या आणल्या. हाडात दोष नाही. डॉक्टरांनी मला आरशासमोर उभं केलं आणि माझे दोन्ही खांदे हलकेच खाली दाबले. चांगले दोन बोटं खाली गेले! म्हणजे मी दोन वर्षं खांदे कानाशी नेऊन वावरत होते आणि मला पत्ता नव्हता. बसमध्ये, दुकानात, शाळेच्या पालकसभेत. कुणी काही विचारेल, मला कळणार नाही, या तयारीत. व्यायाम करा, म्हणाले. पोहणं मला येत नाही, जिममधल्या आरशांचा कंटाळा येतो. समोर दोजांग होतं.

मला वाटलं होतं मारायला शिकवतील. पहिला आठवडा उभं राहायलाच शिकवलं. चार्योत म्हणजे सावधान. जुन्बी म्हणजे तयार: पायांत एका पावलाचं अंतर, मुठी पोटासमोर. आप सॉगी म्हणजे चालता चालता कुणी हाक मारली आणि थबकलो, बस, तेवढंच. आपगुबी म्हणजे लांब पाऊल. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ, भार पुढे. आणि जुचुम सॉगी, जिथे आमचं घोडं पेंड खात होतं.

हे शब्दशःही खरं आहे. जुचुमचं जुनं नाव घोडेस्वाराची बैठक असंच होतं, आणि जुनी माणसं अजून 'किमा जासे' म्हणतात. शाळेत नि सैन्यात ती शिक्षा म्हणूनही देत असत, आपल्याकडे कोंबडा करायचे तशी. टॅक्सीवाल्या काकांना तिचा विशेष राग आहे. लष्करातली सक्तीची सेवा आठवते म्हणतात. दोन पावलांत दोन पावलांचंच अंतर ठेवायचं. पावलं आपली स्वतःची. कोरियात चपलेचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात, माझं 235. म्हणजे माझं जुचुम 47 सेंटिमीटरचं, कॉलेजवाल्या उंच मुलाचं साठाच्या आसपास. तळपाय समांतर. गुडघे इतके वाकवायचे की खाली पाहिलं तर गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत यावीत. पाठ ताठ, बूड मागे नाही, पोट पुढे नाही. वाचायला सोपं आहे. वीस गुद्द्यांनंतर मांड्या लटलटायला लागतात, चाळीसनंतर घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकतो, आणि मग शरीर लबाडी करतं. न कळत एक-एक इंच वर येतं. शाळेत मी शेवटच्या बाकावरून तास चुकवायचे, त्याच जातीची लबाडी.

मूठ करायला लेकाने शिकवलं, ओट्याशी. मी वळलेली मूठ बघून तो इतका हसला की दूध उतू गेलं. माझा अंगठा आत होता. जन्मभर मुठीत काही ना काही धरलेलं: धान्य, मीठ, पैसे, पोराचं बोट. रिकामी मूठ वळायची वेळ आली कधी? आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण तीत काहीतरी आहे असं समोरच्याला वाटतं म्हणून. ही मूठ उघडीनागडी रिकामी. करंगळीपासून बोटं आत गुंडाळत यायची, अंगठा बाहेरून तर्जनी-मधल्यावर आडवा. मनगट सरळ. लागतात ती फक्त पहिली दोन पेरं, तर्जनीची आणि मधल्या बोटाची. बाकीची मूठ त्यांच्या पाठीशी.

मुठीला कोरियनमध्ये जुमॉक म्हणतात. हा शब्द मी आधी शिकले होते तो स्वयंपाकघरातून. जुमॉकबाप म्हणजे मुठीचा भात: मीठ, तिळाचं तेल, समुद्रशेवाळाचा चुरा घालून हाताने वळलेले गोळे. आपला मुटका मुठीतूनच आलेला, हाही तसाच. लेकाच्या सहलीला मी करून देते. शेजारणीने एकदा गोळा वळता वळता सांगितलं की तिच्या आईच्या पिढीला हा भात म्हटलं की ग्वांगजू आठवतं. मे 1980 मध्ये त्या शहराने लष्करी राजवटीविरुद्ध उठाव केला, तेव्हा बाजारातल्या विक्रेत्या बायकांनी मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजवून असे गोळे तरुणांच्या हातांत ठेवले होते. ते ऐकल्यापासून गोळे वळताना माझा हात जरा थांबतो.

खेळात मात्र मुठीचे फार हाल आहेत. 'थे' म्हणजे पायाचा प्रहार, 'क्वॉन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे वाट. नावात मूठ बरोबरीची भागीदार, पण ऑलिंपिकच्या सामन्यात छातीवर गुद्दा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्याला लाथ लागली तर तीन, आणि गिरकी घेऊन मारली तर पाचापर्यंत. चेहऱ्यावर गुद्दा मारायलाच बंदी. त्यामुळे टीव्हीवर बघाल तर खेळाडूंचे हात नुसते लोंबत असतात. मूठ राहिली आहे ती आमच्यासारख्या पांढऱ्या पट्टेवाल्यांच्या कवायतीत.

दोजांगच्या भिंतीवर एक तक्ता आहे, त्यात तायक्वांदोचा इतिहास दोन हजार वर्षांमागे नेला आहे. मला तो फारसा पटत नाही. आजच्या तायक्वांदोची घडण 1945 नंतरची. जपानी राजवट संपल्यावर ज्यांनी इथे आखाडे काढले त्यांच्यातले बरेच जण कराटे शिकून आलेले होते, आणि तायक्वांदो हे नावच 1955 सालचं. यात कमीपणा तो काय? जे लादलं गेलं त्याचं आपलं काहीतरी केलं, हा इतिहास मला भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा मोठा वाटतो. आणि जुनं काही हवंच असेल तर ते आमच्या सुवॉनात आहेच. राजा जॉन्गजोने 1790 मध्ये युद्धकलांचा सचित्र ग्रंथ करवून घेतला, त्यात तलवार-भाल्यांबरोबर रिकाम्या हाताच्या लढतीचंही प्रकरण आहे. चोवीस प्रकारांपैकी अठरा त्याच्या वडिलांनी, युवराज सादोने, आधीच्या ग्रंथात जमवलेले होते. त्या सादोला त्याच्या स्वतःच्या बापाने, राजाने, 1762 मध्ये तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारलं. मुलाने गादीवर आल्यावर बापाच्या अठरात घोड्यावरचे सहा प्रकार घातले आणि बापाची कबर इथे आणून शेजारी किल्ल्याचं शहर उभारलं. राजवाड्याच्या दारात ते चोवीस प्रकार आजही करून दाखवतात. रविवारी आम्ही जातो. लेक तलवारी बघतो, मी पाय बघते.

पायच बघायचे असतात, हे मला गुद्दा शिकताना कळलं. मोमथोंग चिरुगी म्हणजे धडावरचा गुद्दा. नेम छातीच्या पिंजऱ्याखालच्या खळगीवर. मूठ कमरेपाशी उताणी, ती सरळ रेषेत निघते आणि पोचता पोचता शेवटच्या क्षणी पालथी होते. इथवर मला जमलं होतं. पण माझा गुद्दा म्हणजे दार ढकलणं. साबॉमनिमने काय केलं, एक जुना पट्टा माझ्या पाठीमागून घेतला, दोन टोकं दोन मुठींत दिली आणि म्हणाला, आता पुढचा हात विसरा, मागचा ओढा.

ओढला. आणि एकदम आजी आठवली. खांबाला बांधलेली उंच रवी, दोरीची दोन टोकं, आणि आजी ताक घुसळतेय. एक हात मागे आला की दुसरा आपोआप पुढे. घुसळणारी बाई पुढच्या हाताने कधी ढकलत नाही, सगळी मेहनत मागे येणाऱ्या हाताची. आणि आजीचे खांदे! तासभर घुसळलं तरी खालीच. लय कंबरेतून यायची, पायांतून यायची. साबॉमनिमला मी हे मोडक्या कोरियनमध्ये, हातवारे करून सांगितलं. त्याला ताक कळलं नाही, पण हातवारे बघून म्हणाला, "हां, तसंच!"

जोर काढून टाकायचा म्हणजे काय, तेही मग हळूहळू उमगलं. दंडाचा पुढचा स्नायू हात आखडतो, मागचा हात पसरतो. दोन्ही एकदम आवळले की हात स्वतःशीच भांडत पुढे जातो, अर्धी ताकद घरातल्या घरात संपते. म्हणून निघताना हात सैल, मूठही फार घट्ट नाही. आवळायचं ते फक्त पोचण्याच्या क्षणी. पुन्हा लगेच सैल. कोरियनमध्ये खांद्यात जोर येणं हा वाक्प्रचारच आहे, अर्थ माज येणं, तोऱ्यात चालणं. माझ्या खांद्यांत कसला आलाय तोरा, मी मनात म्हटलं. तिथे भीती होती. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असावेत.

शुक्रवारी वर्तमानपत्राचा दिवस. साबॉमनिम जुन्या पेपरांची चळत आणतो, एक पान दोन्ही हातांनी ताणून धरतो आणि तुम्ही जुचुममध्ये उभं राहून त्यावर गुद्दा मारायचा. लहान पोरांचा हा आवडता खेळ. कागद फाटायला ताकद लागत नाही, हे पोरांना दोन मिनिटांत कळतं. मला चार शुक्रवार लागले. मी ढकलायची, कागद पोटासारखा फुगायचा आणि साबॉमनिम बिचारा दोन पावलं मागे जायचा. टॅक्सीवाले काका 'टर्र' करून फाडायचे आणि माझ्याकडे न बघता कपाळ पुसायचे. फार सभ्य माणूस.

पाचव्या शुक्रवारी पान माझ्या नाकासमोर आलं ते अर्थकारणाचं. माझं कोरियन वाचन अजून बोट फिरवत, अक्षर जुळवत. मथळ्यात शेवटचा शब्द होता: जु-चुम. मी गुद्दा विसरून विचारलं, "हे काय? निर्यातीचं जुचुम?" साबॉमनिमने पान उलटं करून वाचलं आणि हसायला लागला. निर्यातीची वाढ अडखळली आहे, थबकली आहे, म्हणाला. जुचुम म्हणजे ते. पुढे जावं की नको अशा विचारात जागच्या जागी थांबणं. धड बसणं नाही, धड उभं राहणं नाही, मधलं.

मला हे फार आवडलं. आपल्याकडे उलट झालं आहे. पवित्रा हा लाठीवाल्यांचा, पट्टेवाल्यांचा शब्द, उभं राहण्याच्या पद्धतीचा. तो आखाड्यातून निघाला आणि थेट राजकारणात गेला. रोज कुणीतरी आक्रमक पवित्रा घेतं, कुणी सावध पवित्रा घेतं, आणि घेणाऱ्यातल्या कुणाच्या मांड्या कधी लटलटत नाहीत. कोरियनांनी बाजारातला, रस्त्यातला, साधा बिचकण्याचा शब्द उचलला आणि आखाड्यातल्या सगळ्यांत भक्कम बैठकीला दिला. बिचकलेलं माणूस असंच तर उभं राहतं: गुडघ्यात वाकून, पळायच्या किंवा थांबायच्या बेतात. फक्त तिथेच थांबून राहायचं, आणि खांदे खाली.

हा विचार करण्यात मी कागदासमोर उभी होते. साबॉमनिमने पान परत ताणलं आणि म्हणाला, "हाना." माझं लक्ष नव्हतं. हात गेला.

आवाज चाबकासारखा आला. निर्यातीच्या मथळ्याच्या मधोमध माझी मूठ पलीकडे, आणि भोकातून साबॉमनिमच्या दोबोकची, म्हणजे गणवेशाची, गुंडी नसलेली, झबल्यासारखी काळी गळपट्टी दिसत होती. त्याने पान खाली केलं. काकांनी टाळी वाजवली, एकच. मी लगेच दुसरं पान मागितलं, ठरवून मारला, आणि कागद पुन्हा फुगला.

गेल्या महिन्यात माझी पहिली परीक्षा झाली. थेगुक इल जांग, अठरा हालचालींचा आराखडा, आठांतला पहिला. पहिल्याचं दैवत आकाश. कोरियाच्या झेंड्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन अखंड रेघा त्याच्याच. मला वाटलं होतं आकाशाच्या नावाला साजेसं काही अवघड असेल. बहुतेक सगळं आप सॉगीत आहे, नुसतं चालायचं. चाला, खालचा वार अडवा, चाला, गुद्दा मारा, वळा. अवघड असते ती शेवटची आरोळी, किहाप. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर आवाज जाईल म्हणून तीन वर्षं टाचा उचलून चालणाऱ्या बाईच्या गळ्यातून आरोळी निघता निघेना. परीक्षेच्या दिवशी निघाली ती मांजर शिंकल्यासारखी. प्रेक्षकांत बसलेल्या दोन पोरी खुसखुसल्या आणि नंतर येऊन म्हणाल्या, "इमो, छान केलंत." इमो म्हणजे मावशी. इथेही ओळखीच्या कुठल्याही बाईला मावशीच म्हणतात, जेवणाच्या हॉटेलात वाढणारीलासुद्धा. पिवळा पट्टा मिळाला.

आता संध्याकाळी कुकर लावला की मी ओट्यासमोर जुचुममध्ये उभी राहते. कुकर कोल्हापूरहून आणलेला. इथले भाताचे कुकर बोलतात, पण शिट्टी मारत नाहीत. दोन पावलांचं अंतर फरशीच्या सांध्यांवर बरोबर बसतं. डाळ-भाताला तीन शिट्ट्या. पहिली झाली, मी म्हणते हाना. डावा हात मागे, उजवा पुढे. मधल्या वेळात काय काय आठवतं: बँकेतली माझी खुर्ची, उद्याची पालकसभा, लायसन्सच्या ऑफिसात फॉर्म परत करणारी ती बाई. दुल. मांड्या भरून येतात. कढीपत्ता संपलाय, तो इथे मिळतो पण वाळलेला.

आतल्या खोलीतून, पुस्तकातून डोकंही वर न काढता, लेक ओरडतो, "आई, खांदा!"

त्याला तिथून दिसत नाही. पण खांदा वर असतोच. मी सोडते. सेत.